काही तासांसाठी बांधलेली खोली



खोली 8 माणसांची आणि आत 41. दुसरी 12 जणांची, तिच्यात 76. तिसरी 35 जणांची, तिच्यात 155. हे आकडे अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांचे, म्हणजे सरकारच्याच तपासनिसांचे आहेत. मे 2019 मध्ये हे तपासनीस टेक्सासमधील एल पासो इथल्या सीमा-पोलिसांच्या केंद्रात पोचले. केंद्राची क्षमता 125 माणसांची होती आणि आत सुमारे 900 माणसे होती. बसायलाही जागा नव्हती. श्वास घेता यावा म्हणून काही जण संडासाच्या भांड्यांवर चढून उभे होते. ही स्थिती तासा-दोन तासांची नव्हती. कित्येकांचे दिवस आणि काहींचे आठवडे असे उभ्याने गेले होते, अंगावर तेच मळलेले कपडे, आंघोळीची सोय जवळजवळ नाहीच.

हे कसे होते, ते समजून घेऊ. सीमेवर पकडलेल्या माणसाचे नाव-गाव लिहून घ्यायचे, बोटांचे ठसे घ्यायचे आणि त्याला पुढे पाठवायचे, एवढ्यासाठी या कोठड्या बांधल्या. म्हणून त्यांत पलंग नाहीत, खिडक्या नाहीत, उघडी हवा नाही. यंत्राची थंडगार हवा मात्र असते. तिथून आलेले लोक त्यांना ‘हिएलेरा’ म्हणतात, बर्फाची पेटी. बहात्तर तासांच्या आत माणूस तिथून हलवायचा, हा सरकारचाच दंडक. पण पुढच्या केंद्रांत जागा नाही आणि सोडायचे तर नाहीच असे ठरले, की माणसे तिथेच साचत जातात. सीमेवर किती लोक येतात हे सरकारच्या हाती पूर्णपणे नसते, हे मी मान्य करते. दाराला कुलूप किती दिवस ठेवायचे हे मात्र पूर्णपणे त्याच्याच हाती असते.

दुसरा मार्गही होता. ज्या कुटुंबांत लहान मुले आहेत त्यांना कोंडून न ठेवता एका समाजसेवकाच्या देखरेखीखाली समाजात राहू द्यायचे, अशी योजना अमेरिकेनेच 2016 मध्ये सुरू केली होती. खर्च एका कुटुंबामागे दिवसाला सुमारे 36 डॉलर, कोठडीच्या खर्चाच्या मानाने नगण्य. आणि ठरल्या तारखांना हजर राहणाऱ्यांचे प्रमाण 99 टक्के. जून 2017 मध्ये ही योजना बंद केली गेली. कोठड्या तुडुंब भरल्या त्या यानंतरच्या दोन वर्षांत.

गर्दीत आजार पसरतो. मे 2019 मध्ये टेक्सासच्याच मॅकॅलन इथल्या गच्च भरलेल्या केंद्रात ग्वाटेमालाचा सोळा वर्षांचा मुलगा तापाने फणफणला. ताप 103. तपासणाऱ्या परिचारिकेने सांगितले होते, दोन तासांनी पुन्हा पाहा आणि बिघडले तर रुग्णालयात न्या. त्याला हलवले गेले ते वेस्लाकोच्या ठाण्यातल्या कोठडीत. सकाळी तो त्या कोठडीत मेलेला आढळला, आणि आढळला तो बरोबरच्या दुसऱ्या मुलाला. सोळा वर्षांचा मुलगा फ्लूने, पहाऱ्यात, रात्रभर कुणाच्या हाताचा स्पर्श न होता जातो, याचे समर्थन कुठल्याही सीमेच्या नावाने करता येईल असे मला वाटत नाही.

त्याच उन्हाळ्यात क्लिंट नावाच्या गावच्या अशाच केंद्रात वकिलांना 250 हून अधिक मुले आढळली. सात-आठ वर्षांच्या मुली अनोळखी तान्ह्यांना कडेवर घेऊन सांभाळत होत्या. वकिलांना आत जाता आले ते ‘फ्लोरेस करारा’मुळे. एल साल्वादोरच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या नावाने 1985 मध्ये खटला दाखल झाला आणि 1997 मध्ये सरकारने लिहून दिले, की ताब्यातल्या मुलांना सुरक्षित आणि स्वच्छ जागी ठेवू. जून 2019 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अपील न्यायालयात सरकारी वकील उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, करारात साबण आणि दात घासायचा ब्रश यांचा उल्लेख नाही. समोर तीन न्यायाधीशांत होते वॉलेस ताशिमा. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या हजारो अमेरिकन कुटुंबांना तारेच्या कुंपणात डांबले गेले, त्यांत ॲरिझोनातल्या पोस्टनच्या छावणीत हे ताशिमा लहानपणी राहिलेले. साबण नाही, ब्रश नाही, पांघरूण नाही, तर ती जागा सुरक्षित नव्हे, हे कुणालाही कळते, असे त्यांनी सुनावले. ऑगस्टमध्ये निकालही तसाच लागला. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात मुलांच्या साबणासाठी अपील न्यायालयापर्यंत जावे लागले.

हे जुने झाले म्हणावे, तर 2025 सालाकडे पाहा. तोवर पकडापकडी सीमेवर कमी आणि शहरांत अधिक झाली होती. स्थलांतर खात्याच्या कार्यालयांतल्या खोल्यांत माणसाला बारा तासांहून अधिक ठेवायचे नाही असा नियम होता, तो जूनमध्ये बहात्तर तासांपर्यंत सैल केला गेला. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या एका सरकारी इमारतीत दहाव्या मजल्यावर लोक फरशीवर, संडासाशेजारी झोपत होते. ऑगस्टमध्ये न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी आदेश दिला, माणशी किमान 50 चौरस फूट जागा द्या, चटई द्या, साबण द्या, वकिलाशी बोलू द्या. आपल्या ओळखीची दहा बाय दहाची खोली घ्या. या हिशेबाने तिच्यात दोन माणसे. एवढी जागाही कोर्टाकडे मागावी लागली. नोव्हेंबरमध्ये शिकागोजवळच्या ब्रॉडव्ह्यूसाठीही असाच आदेश निघाला. पैसा कमी पडला असे म्हणायलाही वाव नाही, कारण जुलैमध्येच अमेरिकी संसदेने अशा बंदिवासासाठी 4500 कोटी डॉलर मंजूर केले होते.

‘बेकायदा गेले ना, मग भोगू देत’, असे आपल्याकडेही सहज बोलले जाते. पण हा बंदिवास तिथल्या कायद्यात शिक्षा मानला जात नाही. तो दिवाणी स्वरूपाचा आहे, निर्णय होईपर्यंत थांबवून ठेवण्यापुरता. आश्रय मागणे हाही तिथल्या कायद्याने दिलेला हक्क आहे. निर्णय विरुद्ध गेला तर परत पाठवण्याचा अधिकार राज्याला आहे, त्याबद्दल माझा वाद नाही.

आणि यात आपली माणसे आहेत. 2018 मध्ये ओरेगॉनमधल्या शेरिडनच्या तुरुंगात आश्रय मागणारे पन्नासहून अधिक भारतीय ठेवले होते, बहुतेक शीख. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला 104 भारतीयांना घेऊन उतरले, हातापायांत बेड्या घालून आणलेले. पंजाब, हरियाणा, गुजरातचे सर्वाधिक. तिघे महाराष्ट्राचे होते.

दोन गोष्टी सांगते. ‘डंकी’च्या, म्हणजे चोरट्या, वाटेने तिकडे पाठवतो म्हणून लाखो रुपये मागणारा दलाल या खोल्यांबद्दल अवाक्षर काढत नाही, तेव्हा गावागावांत हे आपणच सांगायला हवे. दुसरे, परदेशात कुणी आपले माणूस ताब्यात घेतले गेले, तर भारतीय वकिलातीला कळवण्याचा त्याला हक्क आहे, 1963 च्या व्हिएन्ना कराराने दिलेला. तो मागावा लागतो, म्हणून तो घरच्यांना माहीत हवा.

आणि अमेरिकेत मतदार असलेल्या मराठी बंधुभगिनींनो, हे भाषण तुमच्यापर्यंत पोचले तर एक करा. संसदेच्या सदस्यांना ही केंद्रे पूर्वसूचना न देता पाहण्याची मुभा तिथल्या कायद्याने दिली आहे. 2025 मध्ये अनेकांना दारातून परत पाठवले गेले, तरी ती मुभा कायद्यात आहे. तुमच्या प्रतिनिधीला पत्र लिहा आणि विचारा, तुम्ही आत जाऊन आलात का? उत्तर आले नाही, तर पुन्हा लिहा.