फॉरमॅट करण्याआधी

नवा ड्रायव्हर किंवा अपडेट बसवल्यावर संगणक अडखळू लागला, की ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला लगेच मिळतो. तो बहुतेकदा घाईचा असतो. विंडोजमध्ये २००० सालच्या ‘मी’ आवृत्तीपासून सिस्टिम रिस्टोअर ही सोय आहे. मोठा बदल होण्याआधी ती रजिस्ट्री, ड्रायव्हर आणि सिस्टिम फाइलींची स्थिती नोंदवून ठेवते. बिघाड झाल्यास त्या नोंदीवर परत जाता येतं.

मग आपले फोटो, कागदपत्रं पुसली जातील का? नाही, त्यांना ती हात लावत नाही. त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्रॅम मात्र पुन्हा बसवावे लागतात. पण ती फोटोंना हात लावत नाही, म्हणूनच तिला बॅकअप समजणं चूक. पुसलेला फोटो ती परत आणत नाही. शिवाय नोंदी त्याच डिस्कवर असल्यानं डिस्क गेली की त्याही गेल्या. काही रॅन्समवेअर तर आधी याच नोंदी पुसतात. खरी अडचण वेगळीच आहे: विंडोज १० आणि ११ मध्ये ही सोय अनेकदा बंदच असते. तेव्हा आजच स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधून ती सी ड्राइव्हसाठी चालू करा आणि फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.