एका प्रश्नानंतरची शांतता



द्यूतसभेत द्रौपदीने एक प्रश्न विचारला होता. जो पुरुष स्वतःलाच आधी हरला, त्याला पत्नीला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? सभेत भीष्म होते, द्रोण होते, कृपाचार्य होते. धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून पितामहांनी उत्तर टाळले. विदुराने सभेला तिच्या कर्तव्याची जाणीव दिली. पण धृतराष्ट्राच्या पुत्रांपैकी उठून बोलला तो एकटा विकर्ण. महाभारतातील वीरांच्या यादीत त्याचे नाव फार वरचे नाही. तरीही त्या सभेचा विषय निघाला की त्याची आठवण काढावीच लागते.

असाच एक प्रश्न स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयात विचारला गेला आणि त्यानंतरही तशीच शांतता पसरली. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जारी झाली. विरोधी पक्षांचे नेते, समाजवादी, जनसंघाचे आणि संघाचे कार्यकर्ते, सर्वोदयी, विद्यार्थी अशा सहस्रावधी लोकांना ‘मिसा’खाली स्थानबद्ध करण्यात आले. २७ जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि जीवित व स्वातंत्र्य यांच्या रक्षणासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. तरीही देशातील नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या याचिका ऐकून घेता येतात, असा निर्णय दिला. बंदीला न्यायालयापुढे आणा आणि कोणत्या कायद्याने धरले ते दाखवा, एवढेच मागणारी ही याचिका. तिलाच बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात. शासन या निर्णयांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

पाच न्यायमूर्तींचे पीठ बसले. सरन्यायाधीश अजितनाथ राय, हंसराज खन्ना, मिर्झा हमीदुल्ला बेग, पुण्याचे सुपुत्र यशवंत विष्णु चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती. शासनाची बाजू महान्यायवादी निरेन डे मांडत होते. न्यायमूर्ती खन्ना यांनी त्यांना विचारले : घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात स्वातंत्र्याप्रमाणेच जीविताचाही उल्लेख आहे. मग एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तरी त्यावर न्यायालयात काही उपाय नाही काय? डे यांनी उत्तर दिले की, आणीबाणी आहे तोवर नाही. हे उत्तर आपल्या विवेकाला हादरा देणारे आहे, न्यायमूर्तींच्या विवेकालाही देईल. पण आपल्या युक्तिवादाशी सुसंगत असे उत्तर हेच, अशी कबुलीही त्यांनी दिली.

या उत्तरावर सारे पीठ उसळून उठेल, असे कुणालाही वाटले असते. तसे घडले नाही. व्यक्तिस्वातंत्र्याचा एरवी हिरिरीने पुरस्कार करणारे आपले काही सहकारी त्या वेळी मूक बसून राहिले आणि ते मौन आपल्याला अशुभसूचक वाटले, असे खन्ना यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले. निकाल अजून दूर होता; पण त्या मौनात तो जणू लिहिलाच गेला होता.

मौन नेहमीच भित्रे असते असे नाही. त्याच सुमारास, डिसेंबर १९७५ मध्ये, कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले होते. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रातले मंत्री. अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीचा निषेध केला आणि आजारी जयप्रकाशांसाठी सभागृहाला उभे राहून प्रार्थना करायला लावली. मंडप निःशब्द उभा राहिला. ते मौन सत्तेला ऐकू गेले. पुढे दुर्गाबाईंना तुरुंगवास घडला. मौन कशाला झाकते आणि कशाला प्रकट करते, यावरच त्याचे मोल ठरते.

खन्ना यांना किंमत ठाऊक नव्हती, असे नाही. १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून राय यांना सरन्यायाधीश केले गेले, हे त्यांच्या डोळ्यांदेखत घडले होते. आता राय यांच्यानंतर ज्येष्ठतेने पाळी त्यांचीच होती. निकालपत्र लिहून झाल्यावर गंगेच्या काठी बसून त्यांनी आपल्या बहिणीला सांगितले की, या निकालामुळे आपले सरन्यायाधीशपद जाणार आहे. त्या सांगण्यात आवेश नव्हता. हिशेब मांडून झाला होता, इतकेच.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. चौघांनी शासनाची बाजू उचलून धरली. स्थानबद्धांची काळजी शासन जवळजवळ मातेच्या मायेने घेत आहे, असेही न्यायमूर्ती बेग यांनी लिहिले. एकट्या खन्नांनी लिहिले की, जीवित आणि स्वातंत्र्य ही घटनेने दिलेली देणगी नव्हे. एकविसावा अनुच्छेद नसता तरीही कायद्याच्या आधारावाचून कुणाचा जीव वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्यसंस्थेला मिळत नाही.

खन्नांचा प्रश्न केवळ काल्पनिक होता काय? निकालाच्या जवळजवळ दोन महिने आधी, १ मार्च १९७६ रोजी, केरळात कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचलून नेले होते. तो परत आला नाही. त्याचे वडील प्राध्यापक ईच्चर वारियर दारोदार फिरले. पण न्यायालयाचे दार आणीबाणी संपल्यावर, मार्च १९७७ मध्येच त्यांना ठोठावता आले. तेव्हा राजन कोठडीतच मरण पावल्याचे उघड झाले. केरळचे मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. पण बापाला मुलाचा देह कधीच मिळाला नाही. बंद दाराचा अर्थ हा असा असतो.

जानेवारी १९७७ मध्ये खन्नांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले. खन्ना यांनी राजीनामा दिला. राय त्या पदावर होतेच. बेग, चंद्रचूड, भगवती हे तिघेही क्रमाने त्या पदावर बसले. पाचांपैकी एकटा राहिला तो बोललेला.

परंतु बोललेला शब्द दप्तरात राहतो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा हक्क स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. २०११ मध्ये भगवतींनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे तो जुना निकाल रद्दबातल ठरला. तो चुकीचा होता असे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचे नाव धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे पुत्र. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्यानंतर सरन्यायाधीशपदी आले ते संजीव खन्ना, हंसराज खन्नांचे पुतणे. हे पाहायला हंसराजजी नव्हते. २००८ मध्येच ते गेले होते.

त्या चौघांना खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे. ते विद्वान होते, सज्जनही होते, भीष्मद्रोणही होतेच. विद्वत्ता माणसाला बोलते करतेच असे नाही. कित्येकदा ती न बोलण्याची कारणे पुरवते. आपल्या वाट्याला सर्वोच्च न्यायालय येणार नाही. पतपेढीची बैठक येईल, शाळेची कार्यकारिणी येईल, ग्रामसभा येईल. तिथे कुणी एक सरळ प्रश्न विचारील, त्याला निर्लज्ज उत्तर मिळेल आणि मग क्षणभर सारे गप्प होतील. आपली परीक्षा त्या क्षणाची आहे. निकाल आपल्या बाजूने लागेल की नाही, हे तेव्हा कळणार नाही. आपले पद किती मोलाचे, याचा हिशेब मात्र त्याआधीच, आपापल्या गंगाकाठी, मांडून ठेवलेला असावा.