जेवणाचे आसव आणि आसवाचे गाणे



अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्थानकांच्या दरम्यान, एका अंगाने औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या अंगाने दिवसेंदिवस उंचावत जाणाऱ्या इमारती यांच्या कचाट्यात सापडलेल्या चिखलोलीसारख्या गावी राहणाऱ्या माणसाने, नाताळच्या मेजवानीसाठी नैसर्गिक वाईन कोणती घ्यावी आणि तिच्या संगतीला कोणते संगीत लावावे या विषयावर नभोवाणीवरून बोलावे, हे आपणांपैकी कित्येकांस चैनीचे आणि काहींस तर सरळसरळ गैरवाजवी वाटेल. या दुसऱ्या वर्गातील श्रोत्यांच्या समाधानासाठी आरंभीच सांगून टाकतो की १९४९ चा दारूबंदीचा कायदा या राज्यात अद्याप अंमलात आहे, पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, वाईनसाठीसुद्धा वयाची २१ वर्षे पुरी व्हावी लागतात, आणि परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा आज मी कृती सांगणार नाही, निवड तेवढी सांगणार आहे.

निमित्त शेजारधर्माचे आहे. वसईकडून आमच्या भागात राहावयास आलेल्या एका ईस्ट इंडियन कुटुंबाने यंदा नाताळच्या दुपारचे आमंत्रण दिले, आणि मला गाण्याचा नाद आहे एवढ्याच भांडवलावर पेय आणि संगीत या दोन्ही खात्यांचा कारभार माझ्याकडे सोपविला. साष्टी, ठाणे आणि वसई या टापूंतील या मराठीभाषक कॅथलिक समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, ईस्ट इंडियन हे नाव धारण केले. नाव इंग्रजी असले तरी त्यांचा मुदपाकखाना अस्सल उत्तर कोकणातला आहे. उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत ठासून भरलेला आणि म्हणूनच बॉटल मसाला म्हणविणारा मसाला, शिरक्यात मुरलेले इंदियाल, सरपोतेल, बदकाची मोली, आणि हे सारे टिपून घेण्यासाठी तळलेले गोलमटोल फुगे, असा त्या पानाचा थाट असतो. घरच्या वडीलधाऱ्या बाईंनी मला एवढेच बजावले, की “भाऊ, ती साखरेच्या पाकासारखी पोर्ट आणू नका, आणि औषधे घातलेली तर नकोच नको.”

औषधे न घातलेली, म्हणजे हल्लीच्या परिभाषेत नैसर्गिक. द्राक्षे शक्यतो विषारी फवाऱ्याविना वाढविलेली. त्यांच्या सालीवर आणि तळघराच्या हवेत स्वभावतःच वसणाऱ्या किण्वांनी रस आंबविलेला. वरून साखर नाही, आम्ल नाही, बारीक गाळणी नाही. आणि गंधकाचा, म्हणजे सल्फाइटचा, वापर नाममात्र किंवा मुळीच नाही, असा या पंथाचा आचारधर्म आहे. पंथाचे आद्य पुरुष म्हणून फ्रान्समधील बोजोले प्रांतीचे रसायनज्ञ ज्यूल शोव्हे यांचे नाव घेतात, आणि त्यांच्या उपदेशाचा अंगीकार करून मार्सेल लापिएर या द्राक्षबागाईतदाराने गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात त्या वाईनला लौकिक मिळवून दिला. २०२० साली फ्रान्समध्ये या वाईनसाठी एक सनद तयार झाली आणि तिने सल्फाइटची कमाल मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम ठरविली. युरोपातील सामान्य तांबड्या वाईनला हीच मर्यादा १५० आणि पांढरीला २०० आहे. अर्थात शून्य सल्फाइटचा हट्ट धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की किण्व स्वतःच आंबविताना थोडे सल्फाइट निर्माण करते, त्यामुळे निसर्गदेखील या बाबतीत पूर्ण सोवळा नाही.

आता नाशिककडे वळू. आपल्याकडे द्राक्षवेलीला युरोपातल्याप्रमाणे हिवाळ्याची झोप मिळत नाही. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळ्याच्या अखेरीस फळछाटणी, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत तोड, असे तिचे वर्ष आपण कात्रीने बेतून दिलेले आहे, आणि परतीच्या पावसात भुरी व डावणी या दोन रोगांचा फेरा चुकविण्यासाठी बागाईतदाराला मोरचूद-चुन्यापासून पुढच्या साऱ्या फवाऱ्यांचा आश्रय घ्यावा लागतो. ही अडचण जाणून न घेता नाशिकच्या माणसाला नैसर्गिकतेवर प्रवचन देणे मला योग्य वाटत नाही. शिवाय नाताळात आपल्या हाती येणारी त्या भागातील ताजी बाटली निदान नऊ-दहा महिन्यांपूर्वीच्या द्राक्षांची असते. ती वैशाखाचे ऊन सोसून, कसाऱ्याच्या घाटातून मालमोटारीने उतरून, एखाद्या दुकानाच्या पश्चिमाभिमुख काचेच्या कपाटात कित्येक दुपारी तापलेली असते. गंधकाचे कवच नसलेली वाईन अशा प्रवासात शिरक्याच्या मार्गाला लागते. म्हणून माझा पहिला नियम बाटलीपेक्षा दुकानासंबंधी आहे: दुकानदार बाटल्या आडव्या आणि थंडाव्यात ठेवतो की नाही हे पाहावे, फळतोडीचे साल वाचावे, आणि तळाशी थोडा गाळ दिसला तर बिचकू नये. बिघडलेल्या सोवळ्या बाटलीपेक्षा किंचित गंधक घातलेली प्रामाणिक बाटली मी केव्हाही पसंत करीन. पंथाच्या कट्टर अनुयायांना हे पटणार नाही, पण जेवायला ते येणार नाहीत, पाहुणे येणार आहेत.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. रानटी किण्वाने आंबलेले द्राक्षाचे पेय महाराष्ट्रातील सोवळ्यातल्या घरांतही पिढ्यान्‌पिढ्या फडताळात असते आणि त्याला परवाना लागत नाही. त्याचे नाव द्राक्षासव. आयुर्वेदातील आसवे व अरिष्टे यांत धायटीची फुले घालतात. सह्याद्रीच्या उतारांवर शिशिरानंतर लालभडक फुलणारे हे झुडूप स्वतःबरोबर किण्व घेऊन येते आणि मद्यार्क आपोआप तयार होतो; बाटलीवर ‘स्वयंनिर्मित मद्यार्क’ असे छापलेलेही असते. जी आजी वाईनचे नाव काढताच कानांवर हात ठेवते, तीच जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव समभाग पाण्यातून घेते, आणि तिची पचनशक्ती आपल्या सर्वांपेक्षा चांगली असते.

आणि ताडी? आपल्या उत्तर कोकणाची खरी नैसर्गिक वाईन तीच. पहाटे झाडावरून उतरविलेली गोड नीरा काही तासांत फेसाळते, दुपारपर्यंत तिची ताडी होते, आणि काही आठवडे तशीच राहू दिली की शिरका. या तिन्ही अवस्थांत माणसाने तिच्यात काहीही घातलेले नसते. भंडारी समाजाचा हा परंपरागत व्यवसाय, १८७८ च्या मुंबई इलाख्याच्या अबकारी कायद्याने झाडागणिक कर वाढवून, इतका जेरीस आणला की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत कित्येकांनी तो सोडून दिला, आणि सरकारी महसुलाच्या सोयीसाठी लोक ताडीकडून गाळलेल्या कडक दारूकडे ढकलले गेले. इंदियालात जो शिरका पडतो तो मुळात या ताडीचाच. म्हणून त्या पदार्थाशी सगोत्र ठरेल असे पेय शोधावयाचे तर ते आंबटसर, सौम्य आणि किंचित फेसाळ असले पाहिजे, हे मला त्या शिरक्यानेच शिकविले.

जांभळाचा मोह मात्र मला आवरावा लागला. बदलापूरच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्येष्ठाच्या पहिल्या सरींपूर्वी पिकणारे हे फळ, डिसेंबरापर्यंत सहा महिने मुरलेली त्याची वाईन, आणि गावचा अभिमान, असा सगळा योग जुळत होता. परंतु जांभळात साखर बेताची. पुरेसा मद्यार्क व्हावा तर वरून साखर घालावी लागते, आणि मग बाईंच्या कसोटीला ते उतरत नाही. शिवाय जांभळाचा तुरटपणा तिखटाला भडकावतो. तेच गडद तांबड्या द्राक्षवाईनचे: चौदा टक्के मद्यार्क आणि भरपूर तुरटी असलेली शिराझ मोलीतील बदकाला कदाचित शोभेल, पण बॉटल मसाल्याशी तिची गाठ पडली की तोंडात आग होते आणि दोष बिचाऱ्या मसाल्याला मिळतो.

तेव्हा निवड अशी ठरली: आरंभी आणि इंदियालाबरोबर नाशिकची शेनँ ब्लाँ, आंबटपणा राखून असलेली, अगदी किंचित गोडसर, चांगली थंड, बदकाबरोबर हलक्या अंगाची तांबडी, तीही थोडी थंड करून, आणि लहान मुलांसाठी व परवाना नसलेल्या माझ्यासारख्या काहींसाठी, मिळाली तर, सूर्योदयापूर्वीची नीरा. होय, परवाना माझ्याजवळ या घटकेस नाही. गतवर्षी मुदत संपली. निवड करणाऱ्याने चाखलेच पाहिजे असा कायदा नाही.

आता संगीत. वाईनबरोबर गाणे लावणे ही केवळ वातावरणाची बाब आहे अशी माझी समजूत होती. पण इंग्लंडात यावर रीतसर प्रयोग झाले आहेत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, एका मोठ्या दुकानात फ्रेंच धून वाजत असता फ्रेंच वाईनच्या पाच बाटल्यांमागे जर्मन वाईनची एकच खपली, आणि जर्मन धून लागताच जर्मन वाईन जवळजवळ दुपटीने पुढे गेली. गिऱ्हाइकांना विचारले तर बहुतेकांनी संगीताचा परिणाम झाल्याचे साफ नाकारले. हे प्रयोग करणाऱ्या एड्रियन नॉर्थ यांनी पुढे असेही दाखविले की तीच वाईन कार्ल ऑर्फच्या ‘कार्मिना बुराना’बरोबर जड व जोरकस लागते, आणि चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’मधील पुष्पनृत्याबरोबर नाजूक व सूक्ष्म लागते. यावरून मी धडा असा घेतला की आधीच तिखट असलेल्या पानाला जोरकस संगीत मुळीच लावू नये.

आपल्या संगीतशास्त्राने तर या कामी मला आयते वेळापत्रकच दिले आहे. जेवण दुपारचे, म्हणजे यमन, बिहाग, बागेश्री हे सारे रात्रीचे उमराव बाद झाले आणि सारंगाचे राज्य आले. शेनँच्या पहिल्या पेल्यास शुद्ध सारंग, आणि तोही बासरीवर, कारण गायकाचे शब्द पाहुण्यांच्या संभाषणात वारंवार दखल देतात. पन्नालाल घोष यांच्या बासरीचा खोल, गोल नाद कुणाचेही बोलणे तोडीत नाही. बदक येईस्तोवर उन्हे कलतात, तेव्हा भीमपलास, सारंगीवर. नाशिकच्या द्राक्षांप्रमाणे रागालाही ऋतू आणि प्रहर असतात, एवढे साम्य मला पुरे आहे. याहून खोल तत्त्व त्यात शोधू नये.

पण नैसर्गिक वाईन आणि गाणे यांचा खरा संसार पाहावयाचा असेल तर जॉर्जिया देशात जावे लागते. तेथे द्राक्षे सालीसकट मातीच्या अवाढव्य रांजणांत घालून ते रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. त्या भूमीत आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांवर वाईनचे अवशेष सापडले आहेत, आणि या रांजणांच्या पद्धतीला युनेस्कोने २०१३ साली मानवजातीचा वारसा म्हटले आहे. त्यांच्या मेजवानीत एक मुखत्यार नेमलेला असतो. तो प्रत्येक पेल्यापूर्वी पूर्वजांना, मुलांना, गेलेल्या माणसांना उद्देशून बोलतो आणि मग सारी पंगत निरनिराळ्या सुरांत एकत्र गाते. रांजणांच्या काखेती प्रांतातील ‘चाक्रुलो’ हे असेच पंगतीचे गाणे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीची ओळख म्हणून जी सोनेरी तबकडी अंतराळात पाठविली, तिच्यावर ते आहे. आणि त्याच तबकडीवर गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. पंगत उठता उठता मी भैरवी लावणारच होतो. त्याआधी ‘चाक्रुलो’ लावण्याचा बेत आता पक्का झाला आहे, जरी या दोघांची भेट अंतराळाखेरीज अन्यत्र बहुधा प्रथमच घडेल.

हे सर्व मी बाईंना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “ते असू द्या, पण फुगे आले की घुमट वाजणार.” यावर मला बोलावयास जागा नव्हती. मातीच्या मडक्याला पूर्वी घोरपडीचे आणि आता, वन्यजीवांच्या कायद्यामुळे, शेळीचे कातडे ताणून केलेले हे वाद्य. गोव्याने त्याला २०१९ साली राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला, पण वसई-साष्टीच्या गावठाणांतील लग्नांत ते कुणाच्या हुकुमाची वाट न पाहता वाजत आले आहे. जव्हार-डहाणूकडे ताडीशेजारी वारल्यांचा तारपा असतो, वाळक्या भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा, आणि पुढील कर्णा ताडाच्या पानाचा, म्हणजे पेय आणि वाद्य एकाच झाडाचे ऋणी. तसा घुमट या जेवणाच्या मातीचा आहे. मी सारंगाची वेळ अर्ध्या तासाने कमी करून ती घुमटाला दिली.

राहता राहिला उरलेल्या वाईनचा प्रश्न. गंधक कमी असल्याने उघडलेली बाटली दोन-तीन दिवसांपलीकडे टिकणार नाही. ती फेकू नये, आणि परवाना नसलेल्या शेजाऱ्याला वाटून टाकू नये. बाईंच्या स्वयंपाकघरात शिरक्याची एक बरणी आहे, तोंडाला मलमलीचे फडके बांधलेली. उरलेले घोट तिच्यात जातील, आणि ईस्टरच्या इंदियालापर्यंत ते कामाजोगे आंबट झालेले असतील.