दूरचा ताज आणि छापील चित्र

बुऱ्हाणपूरनजीक तापीच्या पैलतीरी झैनाबाद येथे आहुखाना नावाची जुनी शाही बाग आहे. १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महल बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणी निवर्तली, तेव्हा तिचा देह प्रथम या बागेतच ठेवण्यात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो आग्र्यास नेला गेला. ताजमहाल साऱ्या जगास ठाऊक झाला. परंतु त्यामागील शोकाचा उगम तापीकाठचा आहे.

या शोकाची अखेर अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९०२ साली ‘शाहजहानचा अंतकाळ’ या तैलचित्रात रंगविली. १६५८ पासून आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत पडलेला बादशहा मृत्युशय्येवर आहे. पायाशी कन्या जहानआरा बसली आहे. मुमताज मात्र चित्रात कोठेच नाही. यमुनेच्या वळणावर इवलासा ताज तेवढा दिसतो आणि मावळती दृष्टी त्याच्यावर खिळलेली आहे. दृश्य वस्तूतून अदृश्य भाव सुचवावा, असा फ्रान्समधील प्रतीकवाद्यांचा आग्रह होता. त्यांचा जाहीरनामा १८८६ सालचा. अवनींद्रनाथ त्या संप्रदायातले नव्हेत. तरी येथे ताज हे खरेखुरे प्रतीक झाले आहे. प्लेगने लहानगी मुलगी गेली, त्या दुःखाचा सारा भार आपण या चित्रात ओतला, असे त्यांनी पुढे सांगितले.

मूळ चित्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया स्मारकात आहे. तेथवर सर्वांस जाता येत नाही. म्हणून छापील प्रतिकृतीचे महत्त्व. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला, तेव्हा लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. त्या चित्रांतील ठळक आकृती छपाईस मानवल्या. अवनींद्रनाथांची चित्रे ‘प्रवासी’ व ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकांनी रसिकांपर्यंत नेली. पण अशा हळुवार चित्रांची छपाई अधिक अवघड. रंगीत ठशात चित्राचे बारीक ठिपके होतात. एका रंगाचा ठसा केसभर सरकला, शाई किंचित पसरली, तरी दूरचे व पुसट ते आधी हरवते. या चित्रात तर सारा अर्थ त्या दूरच्या ठिकाणीच साठलेला आहे. ताज हरवला, की उरतो केवळ एक आजारी वृद्ध. आजच्या संगणकीय छपाईत छटा पुष्कळ टिकतात. परंतु चित्र उठावदार दिसावे म्हणून रंग भडक केले, तर त्यातली शांतता नाहीशी होते.

म्हणून प्रतिकृती घेणाऱ्याने चौकटीचा सोनेरी वर्ख नंतर पाहावा. आधी ताज शोधावा. तो पुसट असूनही स्पष्ट आहे की नाही आणि बादशहाची नजर तेथवर पोचते की नाही, हे निरखावे. छापील कागदावर चित्रकाराच्या हातचा रंगलेप नसतो. आहुखान्यातही आता मुमताजचा देह नाही. तरी काय हरपले हे जाणून तेथे उभा राहणारा बुऱ्हाणपूरकर रित्या हाताने परतत नाही. चांगल्या प्रतिकृतीपुढे उभ्या राहणाऱ्या रसिकाचेही तसेच आहे.