जुने चित्रपट, नवे चित्रपट



अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे. परंतु ते जुने म्हणून आम्ही त्यापुढे थबकत नाही, त्याचा दगड बोलतो म्हणून थबकतो. चित्रपटालाही आम्ही हाच न्याय लावतो.

'संत तुकाराम' (१९३६) आजही ताजा वाटतो, कारण त्यातली जिजाई आपल्याच घरातल्या बाईसारखी भांडते. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणाऱ्या 'श्यामची आई'त (१९५३) मात्र उपदेश अंमळ अधिक झाला, असे आमचे नम्र मत आहे.

'कुंकू' (१९३७) आणि 'सैराट' (२०१६) जोडीने पाहावेत. नीरा आपल्यावर लादलेले लग्न मानीत नाही. अखेर वृद्ध पतीलाच आपला अन्याय उमगतो. आर्ची आपल्या मर्जीने लग्न करते. तिच्या माणसांना काहीच उमगत नाही, ती तिचा जीव घेतात. जुन्या चित्रपटाने वडीलधाऱ्यांवर विश्वास टाकला होता; नव्याने तो काढून घेतला.

उल्हासनगरला 'सैराट' पाहून लोकलने बदलापूरला परतताना आमच्यापैकी कोणी बोलले नाही. तो विश्वास परत मिळवून देणे दिग्दर्शकाच्या हाती नाही, मंडळी; ते आपल्या घरात आहे.