घरची शाळा आणि गावची शाळा



घरी शिकलेले मूल शाळेत रुळते कसे, हा विषय आसगावात कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. घरी मास्तर ठेवून मुले शिकवणे ही संस्थानिकांची चैन, नाहीतर पुण्या-मुंबईच्या हौशी आईबापांची. पवनी तालुक्यातल्या धानाच्या गावाचा तिच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि चांगलाच आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने शाळांना कुलुपे लागली आणि महाराष्ट्रातले प्रत्येक घर, हौस असो वा नसो, शाळा झाले. जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीच्या पटावर चढले, त्याच्यासाठी ग्रामीण भागातल्या वर्गाचे दार १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. तोवर ते दुसरीत गेले होते! जानेवारी २०२२ मध्ये ते दार पुन्हा काही काळ मिटले, ते वेगळेच.

त्या वेळी सर्वांच्या तोंडी एकच शब्द होता : नुकसान. अक्षरे विसरली, पाढे विसरले, हे खरेच होते. त्यासाठी सरकारने जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रमही आखला. पण हे अर्धे सत्य झाले. ते मूल घरी रिकामे बसले नव्हते. आजीजवळ ते गोष्टी ऐकत होते, पायली-खंडीचा हिशेब कानावर पडत होता, बांधीत पाणी कुठून शिरते आणि कुठून फुटते हे पाहत होते. शाळेने त्याला काय येत नाही याची यादी केली. काय येते हे फारसे कोणी विचारले नाही. माझ्या मते पहिल्या दिवसाचा पहिला प्रश्न तोच असला पाहिजे.

मग घरून आलेल्या मुलाला अडते कुठे? धड्यात फारसे अडत नाही, श्रोतेहो. अडते ते अनेकांतले एक होण्यात. घरी प्रश्न सुचला की विचारावा. वर्गात हात वर करून वाट पाहावी लागते, आणि आपली पाळी येईतो प्रश्नच विसरतो. घरी भूक लागली की आई. येथे पंगतीत बसून, सर्वांचे वाढून होईपर्यंत ताटातला भात नुसता पाहायचा. परिपाठाला ओळीत उभे राहायचे. लघवीला जायचे तरी विचारून जायचे! आपल्याला हसू येते, पण सहा-सात वर्षांच्या जिवाला हे सारे नवे कायदेच असतात. काही मुले आठवडाभर बोलतच नाहीत. त्यांना ‘मंद’ म्हणून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत.

धानाची गोष्ट आपल्याला मी काय सांगावी? पऱ्हे उपटून बांधीत रोवले की काही दिवस पिवळे दिसते. म्हणून कोणी शेतकरी ते उपटून परत नेत नाही की रोज ओढून मूळ धरले का ते पाहत नाही. तो बांधीत पाणी राखतो. आईबापांनी एवढे ध्यानात ठेवले तर बरे, कारण मूल एक दिवस रडले की त्याला घरी ठेवण्याचा मोह त्यांनाच अधिक होतो.

आता भाषेचे. आपल्या झाडीपट्टीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. घरी हीच भाषा मायेची. वर्गात कोणी फिस्सकन हसले की तेच मूल तोंड मिटते, आणि आपण समजतो त्याला उत्तर येत नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास करून तिचा मान वाढवला. शाळेने निदान ती ऐकून घ्यावी. पुस्तकाची मराठी यायलाच हवी, पण ‘पानी’ म्हणणाऱ्याला आधी पाणी द्यावे, शुद्धलेखन मागाहून.

घर आणि शाळा यांतले अंतर शाळेने कमी करावे, हा विचार काही आजचा नव्हे. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या. मुले बालवाडीकडे येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांनी मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. मुलाने सारे वळण सोडून शाळेसारखे व्हावे असा हट्ट या बायांनी धरला नाही.

आपल्या लहान शाळांची एक सोयही सांगतो. साठपर्यंत पट असला की प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, म्हणजे एका खोलीत दोन-तीन इयत्ता. याची आपण तक्रार करतो, आणि शिक्षकावर बोजा पडतो हे खरेच आहे. पण घरून आलेल्या मुलाला ती खोली घरासारखी वाटते : थोरले वाचते, धाकटे ऐकते. त्याच्याशेजारी चौथीतली एखादी शहाणी मुलगी बसवा. पहिले पंधरा दिवस तीच त्याची मास्तरीण.

आणि ज्यांचे मूल शाळेत कधी गेलेच नाही, किंवा मजुरीच्या गावाहून मध्येच परत आले, त्यांनी भिऊ नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे चौथे कलम सांगते की सहा वर्षांवरील अशा मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचे आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे. नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीच्या बाकावर बसवून त्याची लाज काढण्याची मुभा कोणाला नाही. प्रवेशासाठी परीक्षा घेता येत नाही. वयाचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. विदर्भात शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात आणि मागोमाग रोवणी येते. त्या धांदलीत नाव घालायचे राहिले तरी मुदत टळली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांकडे साधा लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि तेथे काम झाले नाही तर पवनीला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत जावे. मुलाला मात्र त्या खेपेला बरोबर नेऊ नये.