३८ हजारांचा ओव्हरऑल आणि आजीचं पातेलं

आज बारामतीतून बोलतोय, घराच्या गच्चीवरून. मध्येच घरघर ऐकू आली तर समजून घ्या, इथे शिकाऊ पायलटांची छोटी विमानं सारखी डोक्यावरून जातात. विषयही पायलटचाच आहे. त्याच्या कपड्यांचा.

मला जुन्या फौजी वस्तू जमवायचा नाद. दोन महिन्यांपूर्वी ऑनलाइन जाहिरात दिसली : १९७१ च्या युद्धातल्या, शौर्यपदक मिळालेल्या फायटर पायलटचा ओव्हरऑल. किंमत ३८ हजार. फोटोत छातीवर पदक लटकवलेलं. मी ॲडव्हान्स पाठवणारच होतो, पण दोन गोष्टी खटकल्या.

एक, लढाऊ विमान उडवताना कोणी पदक लावत नाही. ते समारंभाला. एरवी गणवेशावर डाव्या खिशाच्या वर नुसती रंगीत फीत असते. वीरचक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी.

दोन, विक्रेता म्हणे "फ्लाइट लेफ्टनंट", आणि खांद्यावर पट्ट्या तीन. फ्लाइट लेफ्टनंटला दोन असतात, तीन विंग कमांडरला. नंतर बढती मिळाली असेल, मान्य. पण मग ओव्हरऑलही नंतरचा झाला ना!

मी विचारलं, कुणाचा आहे, तुमच्याकडे कसा आला? मेसेज वाचला, उत्तर नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड आहे, पण गिटची हिस्टरीच नाही. असल्या कोडवर कोण विश्वास ठेवेल?

आता एक खरी हिस्टरी ऐका. दिलीप परुळकर. १९६५ च्या युद्धात गोळी लागून खांदा जखमी झाला, तरी विमान तळावर परत आणलं. वायुसेना मेडल मिळालं. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई-७ पाकिस्तानात पडलं आणि ते युद्धकैदी झाले, रावळपिंडीच्या कॅम्पात.

फायटर पायलट जी-सूट घालतो. विमान जोरात वळलं की रक्त पायांकडे उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. सूटमधल्या रबरी पिशव्या हवेने फुगून पोट आणि पाय आवळतात, म्हणून शुद्ध राहते. हवा धरणारी पिशवी पाणीही धरते! पळून जायची तयारी करताना जी-सूटपासून पाण्याच्या पिशव्या झाल्या, पॅराशूटच्या कापडाच्या पाठपिशव्या झाल्या.

ऑगस्ट १९७२ मध्ये परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी भिंतीला भोक पाडून निसटले. पेशावरमार्गे लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाण सीमा काही मैलांवर. तिथे लंडी खाना स्टेशनची चौकशी केली, आणि ते स्टेशन १९३२ पासून बंद! संशय आला, पकडले गेले. डिसेंबर १९७२ मध्ये बाकीच्या कैद्यांबरोबर भारतात परतले. ऑगस्ट २०२५ मध्ये परुळकर गेले.

विचार करा, त्या जी-सूटचा एखादा फाटका तुकडा आज समोर आला, तर जाहिरातीतल्या कोऱ्या करकरीत ओव्हरऑलपेक्षा तो किती मोलाचा! पण कधी? ही गोष्ट सोबत असेल तरच. नाहीतर ते जुनं रबर.

हे मला उशिरा कळलं. माझे आईकडचे आजोबा इंदापूर तालुक्यातले. एअरफोर्समध्ये होते, पायलट नाही, ग्राउंड क्रू. परवा आजीला विचारलं, आजोबांचा गणवेश कुठंय गं? म्हणाली, "आरं, कसर लागली हुती त्याला. भांडीवालीला दिला. पातेलं अजून हाय बघ."

मी डोक्याला हात लावला. मग म्हटलं, आजी तर आहे ना? फोनचा रेकॉर्डर चालू केला. ती म्हणाली, आजोबा एवढंच सांगायचे : विमान गेलं की शिडी जागेवर ठेवून वाट बघायची. एखादं यायचंच नाही. शिडी तशीच उभी.

पन्नास वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

तर मंडळी, तुमच्या घरी फौजी ट्रंक असेल तर विकायच्या आधी, भांडीवालीला द्यायच्या आधी, दहा मिनिटं काढा. कुणाचा, कधीचा, कुठे घातला, त्यानंतर कुणी सांभाळला, एवढं कागदावर लिहा. घालणाऱ्याचा फोटो त्यात ठेवा. आणि सांगणारं माणूस असेल तर आधी त्याचा आवाज रेकॉर्ड करा.

तो ओव्हरऑल मी घेतला नाही. पातेलं मात्र आजीकडे मागून ठेवलंय. भेटूया पुढच्या भागात!